आजीनं शेकलेला ग्लोव्ह

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका, पण मी मात्र घाबरलेलोच आहे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका शाळेतल्या मुलींच्या फुटबॉल टीमचा मी जुना गोलकीपर ग्लोव्ह, उजव्या हाताचा. डावा माझा जुळा भाऊ. तो बोलत नाही, नुसता थरथरतो.

फॅक्टरीत जन्मलो तेव्हा माझ्या तळव्यावर मऊ, चिकट फोम बसवला. सगळी जादू त्या फोमात! बॉल आला की सुटायची बात नाही. आमच्या शाळेत रीतच आहे, कीपर शाळा सोडताना ग्लोव्ह्ज पुढच्या मुलीला देते आणि ती मनगटाच्या पट्ट्याच्या आत आपलं नाव लिहिते. माझ्या पट्ट्यावर आधी केटी, मग ऋजुता आणि आता धम्मशीला. गावात कीपरला भलता मान; तळलेले मासे आणि चिप्स विकणारे चिप शॉपवाले काकासुद्धा तिला बघितलं की काउंटरवरून हात हलवायचे! सुट्टी लागली की मात्र आम्ही किटबॅगेच्या तळाशी, ओल्या मोज्यांच्या संगतीत. कुणी विचारायचं नाही.

मग आली फायनल. आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये आम्ही चिखलानं माखलो. धम्मशीलाची आजी, चंदाबाई, नागपूरहून आलेल्या. पोरीचे हात गारठतील म्हणून त्यांनी आम्हाला कढत पाण्यात खसाखसा घासलं आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवलं. मित्रांनो, तो चटका! आधी ओलावा गेला, मग चिकटपणा. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कसा? सकाळी माझा तळवा वाळलेल्या भाकरीसारखा कडक.

"हे घे धम्मू, मस्त गरम केले तुयासाठी!"

धम्मशीलानं हात घातला, बोटं वाकवली. मी करकरलो. माझं काहीतरी बिघडलंय, हे तिला लगेच कळलं. पण आजीच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "थँक यू, आजी."

ग्राउंडवर अख्खं गाव लोटलं होतं. वॉर्मअपमध्ये पहिलाच साधा बॉल माझ्यावरून साबणासारखा निसटला. दुसराही! तिनं माझ्यावर पाणी ओतलं, थुंकूनही पाहिलं. शाळेची दुसरी जोडी तिला ढगळ. आत तिचा हात घामानं थबथबला आणि बाहेर मी तसाच कडक. बॉल सुटणार, गोल होणार, आणि पट्ट्यावरच्या तिच्या नावाला सगळे हसणार, एवढंच मला दिसत होतं.

ती कोचकडे धावली. "मिस, ग्लोव्ह्ज गेले. आजीनं रेडिएटरवर ठेवले. प्लीज, तिला कळू देऊ नका!"

मिस हार्परनी मला दाबून पाहिलं. "मग आज पकडायचंच नाही. फक्त ठोसे."

"पण मी ठोसे कधीच मारत नाही!"

"आजपासून मारतेस."

बॉल अलगद पकडणं हाच तर धम्मशीलाचा तोरा! तो बाजूला ठेवून ती मुठी आवळून उभी राहिली. मॅच संपत आली तेव्हा आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, वळला. मी भीतीनं गोठलो. ती सगळ्यांच्या वर उडाली आणि धाड! बॉल थेट हाफलाइनकडे. मूठ इतकी आवळलेली की माझा वाळका तळवा टर्रकन फाटला. शिट्टी वाजली. जिंकलो!

चंदाबाई शाल सावरत आल्या. "पाहिलं? काहून घाबरत होती एवढी? मी गरम केले म्हणून जमलं!"

धम्मशीलानं फाटका तळवा मुठीत लपवला. "हो गं आजी. तुझ्यामुळेच."

तेव्हा मला ती फार फार आवडली. पण आता? आता मी तिच्या खोलीत शेल्फवर आहे. आज नवी कोरी जोडी पहिल्यांदाच प्रॅक्टिसला जाऊन चिखल माखून आली आहे. बिचारीला काहीच ठाऊक नाही. आणि खालून चंदाबाई हाक मारताहेत, "धम्मू, तुये नवे हातमोजे दे गं इकडे!"

मित्रांनो, आम्हाला थंड किंवा कोमट पाण्यात हलकेच धुवा आणि सावलीत वाळवा. बस, एवढंच पुरे. आणि धम्मशीला, त्या उंच बॉलला तू घाबरली नाहीस, मग आजीला खरं सांगायला का घाबरतेस? मला तोंड नाही गं. तुला आहे. रेडिएटर तापायला लागलाय. पळ!