आधी बोला, मग वळा

चोरी केलीत तुम्ही, साहेब. माणसाचं दुखणं त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोक्यावरून, त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं, आणि त्याने विचारलंच तर 'काळजी करू नका' म्हणून खांदा थोपटायचा, ही रीत तुमच्या इस्पितळात चालते. ज्याचा गळा कापायचा, त्याच्याच हातून त्याची बातमी काढून घ्यायची, याला चोरीच म्हणतात. राग जास्त येतो तो अशासाठी, की बाकी सगळं तुमच्याकडे चोख आहे. यंत्रं चोख, औषधं चोख, आणि नर्सबाईंचे हात तर असे की सुई टोचली तरी माणूस 'थँक्यू' म्हणतो. मास्तर आज हिंडतफिरताहेत ते तुमच्या इस्पितळामुळे, हे ते स्वतः चारचौघांत सांगतात. म्हणूनच त्यांची गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. उभी हयात त्यांनी डाव्या सीटवर काढली. शिकाऊ माणसाच्या हातात चाक आणि मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक, अशी त्यांची गाडी. पण मास्तर त्या ब्रेकला सहसा हात, म्हणजे पाय, लावत नसत. त्यांचा सगळा कारभार तोंडावर. "क्लच! अहो क्लच, बायको नव्हे ती, हळू सोडा!" असं ओरडले की पलीकडच्या गल्लीतला माणूससुद्धा क्लच सोडायचा. आणि त्यांचा एकच कायदा होता: आधी बोला, मग वळा. डावीकडे वळायचं असलं की शिकणाऱ्याने आधी मोठ्याने म्हणायचं, "डावीकडे वळतोय." इंडिकेटर नंतर, चाक त्याच्याही नंतर. जो बोलला नाही, त्याला गाडी उभी करायला लावून मास्तर किल्ली काढून खिशात घालायचे आणि सीट मागे टाकून बसायचे. "आता तुम्ही बोलेपर्यंत मी इथेच. मला घाई नाही."

अशा माणसाचा घसा बसला. बायको म्हणाली, "ओरडा आणखी. तो क्लचच बसलाय तुमच्या घशात." काढे झाले, गुळण्या झाल्या. आवाज काही वर येईना. मग थोरली मुलगी, ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यांना तुमच्याकडे घेऊन आली. घशात नळी घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसली होती. मास्तर मधे, एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी. डॉक्टर तरुण, गोड चेहऱ्याचे. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "इंग्लिश, प्लीज." झालं. त्यानंतर जे काही चाललं ते मास्तरांच्या नाकासमोरून इकडून तिकडे उडत राहिलं आणि मास्तर आपल्याच लग्नात पाहुण्यासारखे बसून राहिले.

मुलीचं चुकलं असं पटकन म्हणू नका. या घरात ती रीतच पडून गेली होती. आजीच्या वेळीही असंच झालं होतं. तिच्यासमोर सगळे खाणाखुणा करत होते आणि ती बिचारी भिंतीकडे बघत गेली. घाबरवायचं नाही, म्हणून सांगायचं नाही. जवळचा माणूस आपल्या मायेने तोंड बंद ठेवतो, तेव्हा त्याला कोण बोल लावणार? पण तुमच्या डॉक्टरांना तर ती माया नव्हती, साहेब. त्यांनी का मान डोलावली?

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, छोटीशी गाठ आहे. काढून टाकणार. बास."

मास्तर हसले. इमारतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'कर्करोग' लिहिलेलं होतं. ते काय त्यांना वाचता येत नव्हतं? त्यांना एक खोड होती. रस्त्यावर कोणी गाडी दामटली की तिचा नंबर ते डोक्यात जसाच्या तसा ठेवायचे. त्या खोलीतले शब्द त्यांनी तसेच उचलून आणले होते, अर्थाशिवाय, नुसत्या नंबरासारखे. आणि एक गोष्ट त्यांनी बघून ठेवली होती: एका शब्दावर बायको काहीच न कळता रडू लागली, कारण मुलीचा चेहरा पडला होता, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या एका शब्दावर मुलीने जोराने मान हलवली होती. नाही म्हणून.

त्या दिवसांत मास्तरांकडे एक बाई गाडी शिकत होत्या. नोकरी शोधणाऱ्या मोठ्या माणसांना त्या संध्याकाळी इंग्रजी शिकवायच्या. नवरा होता तोवर त्याने गाडीला हात लावू दिला नाही. 'तुझं इंग्रजी चालव, गाडी मी चालवतो' म्हणायचा. आता नवरा गेला, गाडी दारात उभी. बाई चाक असं धरायच्या की जणू ते सुटून पळणार आहे.

"बाई," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमची फी नको. मला इंग्रजी शिकवा."

"अय्या, मास्तर! आता या वयात?"

"तुम्ही या वयात रिव्हर्स शिकताय ना? आणि माझं निम्मं झालेलंच आहे. क्लच, ब्रेक, गिअर, इंडिकेटर. वरचं थोडंसं राहिलंय."

मग त्यांनी शब्द सांगितले, एकामागून एक, नंबर सांगावेत तसे. बाईंचं हसू मावळलं. काही त्यांना ठाऊक होते, काहींसाठी म्हणाल्या, घरी पुस्तकात बघते.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या रिकाम्या रस्त्यावर धडा सुरू झाला. दोघांचाही.

"बायॉप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं. मॅलिग्नंट म्हणजे... तोच, मास्तर. कॅन्सर."

"ते पाटीवर वाचलंय. पुढे. आरशात बघा. हां. मेटास्टॅसिस?"

"रोग दुसऱ्या अवयवांत पसरणं."

"त्याच्या आधी 'नो' होतं."

बाईंनी जवळजवळ चाकच सोडलं. "म्हणजे पसरलेला नाही! मास्तर, ही तर चांगली बातमी!"

"मग ती इंग्रजीत का दडवली?" मास्तर उखडले. "वाईट दडवलं, समजू शकतो. चांगली बातमी तरी माणसाला त्याच्या भाषेत द्यायची की नाही? चाक धरा आधी!"

गाडी पुढे सरकत राहिली. बाईंनी आणखी दोन-तीन शब्द समजावले. रिमिशन म्हणजे रोगाची खूण न दिसणं, पण त्याने कायमचा निरोप घेतला असं नव्हे. ट्रायल म्हणजे नवा इलाज माणसांवर नीट पारखून घेणं. बॅटल म्हणजे लढाई. इंग्रजीत म्हणे माणूस कॅन्सरशी लढतो, आणि मेला की लढाई हरला म्हणतात.

"म्हणजे मेलेल्याचाच कमीपणा?" मास्तर म्हणाले. "रस्त्यावर भांडत जाणारे मी पुष्कळ बघितलेत बाई, तेच आधी खड्ड्यात जातात. मला लढायचं नाही. मला पुढचं वळण कुठे आहे तेवढं कळू दे. आणि एक शब्द राहिला."

बाईंनी उगाच आरशात बघितलं.

"टोटल लॅरिन्जेक्टमी."

बाई समोर बघत होत्या, पण त्यांना काही दिसत नव्हतं. गाडी शाळेच्या भिंतीकडे झुकली. मास्तरांनी दुसरा ब्रेक दाबला. किती वर्षांनी दाबला असेल देव जाणे. गाडी आचका देऊन बंद पडली. मास्तरांनी किल्ली काढली आणि खिशात घातली.

"आधी बोला."

"मास्तर, मी बाहेरची. मुलीने सांगितलं नाही ते मी कसं..."

"मला घाई नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि सांगितलं. स्वरयंत्र काढून टाकणं, सगळंच्या सगळं. गळ्याला छिद्र, कायमचं. श्वास तिथूनच घ्यायचा. आवाज जाणार.

मास्तरांनी त्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर मुलांनी खडूने गाडी काढली होती, चाकं चौकोनी. मग ते म्हणाले, "तो शेवटचा शब्द. ज्याच्यावर पोरीने मान हलवली. ऑर्गन प्रिझर्व्हेशन."

"अवयव वाचवणं," बाई म्हणाल्या. "स्वरयंत्र न काढता इलाज." म्हणजे दुसराही रस्ता होता. डॉक्टरांनी तो दाखवलाही होता. फक्त ज्याला जायचं त्याला सोडून.

ऑपरेशनची तारीख ठरवायला तिघं पुन्हा त्याच खोलीत गेली. पुन्हा इंग्रजी सुरू झालं. मास्तरांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

"डॉक्टरसाहेब. ऑर्गन प्रिझर्व्हेशन?"

मुलीने बापाकडे असं पाहिलं की जणू टेबल बोललं.

"बाबा! तुम्हाला कोणी..."

"गाडीत शिकलो. पोरी, टोटल लॅरिन्जेक्टमीला 'छोटीशी गाठ' म्हणतात होय?"

मुलगी फुटली. बँकेत माणसं जिच्यापुढे चळाचळा कापतात ती पोर हमसून हमसून रडली. "ऑपरेशनने सगळं मुळातून निघतं असं वाटलं मला. मला तुम्ही हवे होतात बाबा. आवाज गेला तरी चालेल, तुम्ही हवे होतात."

"अगं, पण आवाज माझा होता ना? मला विचारायचंस. कदाचित मीही हेच म्हटलं असतं."

"मी सांगत होते हिला," बायको म्हणाली. ती काही सांगत नव्हती, पण त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

डॉक्टरांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. आणि इथे त्या माणसाचं मोठेपण सांगायलाच हवं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, खुर्ची ओढून मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. "माझी चूक झाली, मास्तर. आता सगळं तुम्हालाच सांगतो." आणि सांगितलं, घरात बोलतात तशा भाषेत. एक रस्ता ऑपरेशनचा. दुसरा, किरण आणि औषध दोन्ही एकदम. आवाज वाचण्याची चांगली आशा. पण घसा आतून होरपळतो, थुंकी गिळणं मुश्कील होतं. आणि काहींमध्ये रोग पुरता जात नाही किंवा परत येतो, मग ऑपरेशन करावंच लागतं, आणि तेव्हा जखम भरायला जड जाते.

"जिवाला कशात कमी धोका?"

"तुमच्यासारख्या गाठीत दोन्हींत फारसा फरक दिसलेला नाही. पण खात्री कशाचीच देत नाही मी."

"हा दुसरा रस्ता पहिल्यापासून होता?"

"नव्हता. माझ्या गुरूंच्या उमेदीच्या काळात अशा बहुतेकांचा आवाज जायचाच. मग ट्रायल झाल्या. काही रोगी तयार झाले, आपल्यावर पारखून बघा म्हणाले. त्यांच्यामुळे आज मी तुम्हाला हे विचारू शकतो."

"कोण होती ती माणसं?"

"नावं नाही माहीत मास्तर. कुठकुठल्या देशांतली."

मास्तरांचा ऊर भरून आला. कोण कुठली माणसं, ज्यांना पुढचं वळण ठाऊक नव्हतं, तरी गाडीत बसली, आणि त्यांच्या चाकोरीतून आता आपण जाणार. त्यांनी तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणालाच उद्देशून हात जोडले. डॉक्टरांना वाटलं आपल्याला, त्यांनीही जोडले.

"दुसरा रस्ता," मास्तर म्हणाले. मग मुलीचा हात हातात घेतला. "आणि ऐक. ऑपरेशन आहेच माझ्या पायाखाली, दुसऱ्या ब्रेकसारखं. लागलं तर मी स्वतः दाबीन. शब्द देतो."

पुढचे दिवस गोड नव्हते. मास्तरांचा गळा बाहेरून करपला, आतून सोलवटला. पाणी प्यायचं म्हणजे काचा गिळायच्या. पण किरणांच्या खोलीतली नर्स रोज आत नेताना सांगायची, "आता टेबल वर जाईल. आता आवाज होईल. आता मी बाहेर जाते, पण काचेतून बघतेय." आधी बोलायची, मग करायची. मास्तर डोळ्यांनीच तिला शंभरपैकी शंभर द्यायचे. मुलगी शेजारी बसून रिपोर्टचा एकेक शब्द बापाला उलगडून सांगू लागली. जे अडेल ते फोनवर बाईंना विचारायची. घरात 'ते' म्हणणं बंद झालं आणि कॅन्सर म्हणणं सुरू झालं; आणि गंमत म्हणजे नाव घेतल्यावर तो काही मोठा झाला नाही.

शेवटी तपासणी झाली. डॉक्टर धावतच बाहेर आले आणि व्हरांड्यातच म्हणाले, "मास्तर, गाठ दिसत नाही! कम्प्लीट रिस्पॉन्स म्हणतात याला."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "आणि हेही ठाऊक आहे की तुमच्याकडे येत राहायचंय." आवाज खरखरीत होता, जुन्या गिअरबॉक्ससारखा. पण त्यांचा होता. बायको म्हणाली, "हाच बरा. निदान पलीकडच्या गल्लीला झोप लागेल."

आणि मग तो तुमचा कार्यक्रम, साहेब. बऱ्या झालेल्यांचा मेळावा. प्रत्येकाच्या छातीवर 'सर्व्हायव्हर' असा बिल्ला. तुम्ही, इस्पितळाचे मोठे साहेब, व्यासपीठावर मधोमध. मास्तरांना दोन शब्द बोलायला बोलावलं. पहिल्या रांगेत बायको, मुलगी आणि बाई. बाई स्वतः गाडी चालवत सगळ्यांना घेऊन आल्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर मोठ्याने बोलल्या होत्या.

मास्तरांनी बिल्ला नीट केला. "आभार मानायला उभा आहे. डॉक्टरांचे, त्या नर्सताईंचे, यंत्र पुसणाऱ्या मावशींचे. ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत त्या ट्रायलवाल्यांचे. या बाईंचे आणि माझ्या पोरीचे. हे ऋण फिटायचं नाही, आणि फेडायची माझी इच्छाही नाही. राहू दे अंगावर, ऊब देतं." टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्यात. मास्तर थांबले, टाळ्या विरेपर्यंत.

"आता एक विचारायचंय, मोठे साहेब. डॉक्टरांनी खुर्ची ओढून मला समजावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा चहा निवायच्या आत ते संपलं होतं. एवढंच तर काम होतं. माझ्याकडे बाई होत्या. ज्याच्याकडे बाई नाहीत, गाडी नाही, शब्द लक्षात ठेवायची खोड नाही, तो तुमच्या त्या खोलीत आजही मधे बसलाय आणि त्याच्या गळ्याचं काय करायचं ते त्याच्या डोक्यावरून ठरतंय. इतका मोठा रोग हटवायला शिकलात. मग रोग्याशी बोलायचं का शिकला नाहीत?"

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. निवेदिका पुढे आली. मास्तरांनी माइक तिच्या हातात दिला नाही. शेजारची खुर्ची ओढली, मागे रेलून बसले, आणि तुमच्याकडे बघत त्या खरखरीत, त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाले,

"मला घाई नाही. बोला."