लोकनिधीच्या दाराबाहेरचा बाक

या मित्रांनो, जरा टेका. मी एक जुना बाक आहे. लोकनिधीच्या कचेरीत, बैठकीच्या खोलीच्या दाराला लागून माझी जागा. माझे लाकूड एका मोडलेल्या गोदामाच्या तुळयांचे. ज्या सुताराने मला घडवले तो फार अबोल होता. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तिघांना बसव, चौथा आला तर सांभाळून घे." मला मिळालेला उपदेश तेवढाच. तो मी आजतागायत पाळला आहे.

लोकनिधी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचे सगळे डोक्यावरून जायचे. आमच्या शहरातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालून एक ठेव उभी केली आहे. ठेवीला हात लावायचा नाही. तिच्या व्याजातून दरवर्षी लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या संस्थांना मदत द्यायची. पण ही काही खिरापत नव्हे. आधी अर्ज करायचा. मग समितीतले कोणीतरी जाऊन काम डोळ्यांनी पाहून येणार. शेवटी संस्थेच्या माणसाला आत बोलावून दहा मिनिटे ऐकणार. समितीत पाच जण. प्रत्येकाच्या हातात वीस गुण. शंभरात साठ मिळाले की मदत मंजूर.

आत जाण्याआधी प्रत्येक जण माझ्यावर बसतो. काय काय पाहिले आहे मी! भलेभले माझ्यावर बसून ओठांतल्या ओठांत भाषण घोकतात आणि दार उघडताच पहिले वाक्य विसरतात. अंधांसाठी पुस्तके वाचून टेपवर भरून ठेवणारे एक आजोबा तर इतके घाबरले होते, की आत बोलावल्यावर मलाच "धन्यवाद" म्हणून गेले. त्यांना मदत मिळाली. त्या दिवशी मला वाटले, निम्मी मदत माझीच.

सगळेच दिवस असे मानाचे नव्हते. मध्ये कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकलले. अंगावर जुन्या फायलींचे ढीग, मांजराची पिल्ले आणि वीतभर धूळ. दोन वर्षांत त्या खुर्च्यांचे पाय फाकले, तेव्हा कुठे साहेबलोकांना माझी आठवण झाली. मी रुसलो नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्यावर अर्जदार बसतात तसे कधीकधी समितीतले माणूसही येऊन बसते. नियम असा आहे, की आपल्या नात्यातल्या कोणाचा अर्ज निघाला की उठायचे, बाहेर यायचे आणि निकाल लागेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाही. त्या अर्जाविषयी चकार शब्द काढायचा नाही, ऐकायचाही नाही. हा नियम सगळ्यांत कडक कोणी पाळला असेल, तर तागडीताईंनी.

तागडीताईंचे औषधांचे दुकान आहे. गोळी अर्धी करायची असली तरी त्या दोन्ही तुकडे उजेडाला धरून बघतात, म्हणून हे नाव पडले. त्यांना एक सख्खी धाकटी बहीण. ती 'उसनवार घर' चालवते. चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, उशाकडून उचलता येणारे पलंग, असे सगळे तिच्याकडे असते. घरात कोणी आजारी पडले की हवे ते घेऊन जायचे, माणूस बरे झाले की पुसून आणून द्यायचे. एक पैसा द्यायचा नाही. बहिणींचे वडील गेले तेव्हा त्यांचा पलंग रिकामा राहिला. तो धाकटीने शेजाऱ्यांना दिला आणि तिथून हे घर सुरू झाले.

दोन वर्षे धाकटीने लोकनिधीकडे अर्ज केला. दोन्ही वर्षे ताई उठून माझ्यावर येऊन बसल्या. दोन्ही वर्षे पत्र गेले, "गुण कमी पडल्याने विचार होऊ शकला नाही." धाकटीच्या मनाने घेतले, की सख्ख्या बहिणीनेच पाठ फिरवली. तिने ताईंच्या घरी येणे सोडले. बोलणेही सोडले.

तिसऱ्या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आले होते. तिच्या सामानाची शेड मालकाला परत हवी होती. महिन्याभरात दुसरी जागा मिळाली नाही, तर चाळीस खुर्च्या आणि बारा पलंग भंगारात जाणार होते. तेव्हा अकरा घरांत कोणी ना कोणी तिच्या पलंगावर झोपलेले होते.

त्या दिवशी धाकटी आत दहा मिनिटे बोलून आली आणि माझ्या डाव्या टोकाला बसली. उजव्या टोकाला ताई. मधे दोन माणसांची जागा मोकळी. मी तीस वर्षे माणसे पेलतो आहे, पण त्या मोकळ्या जागेएवढे ओझे कधी उचलले नव्हते.

मग धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "या वेळी तरी आत बसायचंस."

"नियम आहे," ताई म्हणाल्या.

"नियम! बाबांचा पलंग भंगारात गेला तर तो पण नियमातच बसेल का गं?"

ताईंनी पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला. त्या हाताचे कोपर माझ्यावर रुतले, ते फक्त मला कळले.

आत गुणांची बेरीज चालली होती. कचेरीचे कारकून म्हणजे टाचणीकाका. अक्षर मोत्यासारखे, आणि टाचणीसुद्धा वाकडी लागलेली त्यांना खपत नसे. बैठकीच्या खोलीचे दार मात्र खाली घासते, त्यामुळे ते कधीच नीट लागत नाही. त्यातून समितीवर त्या वर्षी एक बसचालक नवीन आले होते. आयुष्यभर इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस. त्यांची कुजबुजही रस्त्यापलीकडे ऐकू जायची.

"एकोणसाठ," टाचणीकाका म्हणाले. "एका गुणाने राहिलं."

धाकटीने डोळे मिटले.

"थांबा, थांबा," चालक गरजले. "मी सोळा दिले. डॉक्टरांनी पंधरा. या दोघांनी चौदा-चौदा. पाचवं कोण?"

हे कानावर पडताच ताई ताडकन उठल्या. ऐकायचे नाही ना! नीट लावून घ्यायला त्यांनी दार ओढले. दार हलेना. दोन्ही हातांनी ओढले, तरी हलेना. शेवटी त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटे घातली. साठीच्या, चष्मा लावलेल्या, अख्ख्या पेठेला धाकात ठेवणाऱ्या बाई बालवाडीतल्या मुलीसारख्या कानांत बोटे घालून बसल्या! मला हसू आवरेना, आणि गलबलूनही आले.

"पाचवा रकाना ताईंचा," आतून काका सांगत होते. "तिथे शून्य."

"शून्य दिलं कुणी?"

"दिलं कुणीच नाही. त्या बाहेर आहेत ना. रिकामा रकाना बरा दिसत नाही, म्हणून मी आपलं..."

"अहो काका! माझ्या बसमध्ये एक सीट रिकामी राहिली, तर बाकीच्यांची तिकिटं खोटी ठरतात का? चौघांनी गुण दिले म्हणजे ऐंशीपैकी एकोणसाठ. शंभरात धरा की, चौऱ्याहत्तरच्या घरात जातात!"

समितीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. ते हळू आवाजात म्हणाले, "मागच्या दोन वर्षांचे कागद काढा बरं."

कागद खडखडले. अठ्ठावन्न. सत्तावन्न. दोन्ही वेळा ऐंशीपैकी. दोन्ही वेळा पाचव्या रकान्यात तेच सुबक, वाटोळे शून्य.

मित्रांनो, ध्यानात आले का? ताई प्रामाणिकपणे बाहेर बसत होत्या, आणि त्या बाहेर बसत होत्या म्हणूनच बहीण हरत होती. कोणाच्या मनात पाप नव्हते. तरी दोन वर्षे दोन घरांचे येणेजाणे तुटले.

धाकटीने सगळे ऐकले होते. ती उठली नाही, ओरडली नाही. ती माझ्यावरून सरकत सरकत उजव्या टोकाशी आली. मधली जागा भरली. तिने बहिणीचे मनगट धरले आणि कानातले बोट हळूच बाहेर काढले.

"ताई," ती म्हणाली, "काढ आता. झालं."

"काय झालं? सांगू नकोस! निकाल बाहेर यायचाय अजून."

"बरं, नाही सांगत," धाकटी म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटले.

दार घासत उघडले. सगळ्यांत पुढे टाचणीकाका होते. गुणांचा कागद त्यांनी धाकटीपुढे धरला. "चूक माझी आहे," ते धाकटीला म्हणाले. "तिन्ही वर्षांची." डॉक्टरांनी निकाल सांगितला. अर्ज मंजूर. गेलेली दोन वर्षे परत देता येत नाहीत, पण नियमात बसणारी सर्वांत मोठ्या मुदतीची, म्हणजे सलग तीन वर्षांची मदत, उसनवार घराला मिळणार होती. नवी जागा, दुरुस्तीला एक माणूस, सगळे त्यात येत होते. चालकांनी अशा काही टाळ्या पिटल्या, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आधी आपला अर्ज आटोपून कॉरिडॉरमध्ये रेंगाळणारे इतर संस्थांचे लोकही टाळ्या वाजवू लागले.

गर्दी ओसरल्यावर धाकटी म्हणाली, "तू आत बसली असतीस तर दोन वर्षांपूर्वीच मिळालं असतं गं."

"मिळालं असतं," ताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. "आणि गाव म्हणालं असतं, बहिणीनं दिलं. आता म्हणून दाखवावं कुणीही!"

मग दोघी उठल्या आणि जिना उतरून गेल्या. ताईंच्याच घरी जायचे ठरले होते.

आता पाचव्या रकान्यात टाचणीकाका आडवी रेघ मारतात, वर "बाहेर" असे लिहितात आणि बेरीज चौघांचीच धरतात. रेघ तेवढी पट्टीने मारतात, स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा. मला शाळा नाही, लिहिता येत नाही. पण इतकी वर्षे दाराबाहेर राहून मला एक गोष्ट कळली आहे. न्याय व्हावा म्हणून जो माणूस आपण होऊन उठून बाहेर जातो, तो आपली बाजू तुमच्या भरवशावर आत ठेवून जातो. ती नीट सांभाळा. त्याला आतले दिसत नाही, तुम्हाला दिसते.