आतून कडी

सहादेवने घोडेगावहून दार आणलं आणि ते गावाबाहेरच अडवलं गेलं.

बैलगाडीत कडुलिंबाच्या लाकडाचं दार, त्याची चौकट आणि एक लोखंडी कडी, एवढंच होतं. शिंगणापुरात कुणाच्या घराला दार नाही, चौकटही नाही. कुत्रं शिरू नये म्हणून संध्याकाळी एक फळी टेकवतात आणि सकाळी उचलून बाजूला ठेवतात. राखण शनिदेवाची. त्यामुळे दार मागणारा माणूस एक तर देवावर अविश्वास दाखवतो, नाहीतर त्याच्याकडे झाकण्यासारखं काहीतरी असतं. तिसरं कारण गावाला माहीत नव्हतं.

सहादेवचे चुलते आप्पासाहेब यांनी बैलाची वेसण धरली.

"भिवंडीहून काय आणलंस लेका? सोनं का?"

जमलेली माणसं हसली.

"काय न्हाई, आप्पा."

"मग देवाच्या डोक्यावर छप्पर न्हाई आन् तुला कडी कशाला पायजे?"

"चोराचं भ्या न्हाई मला. चोर कायतरी न्यायला येतो. ते न्यायला आलेच नव्हते."

"कोन ते?"

सहादेव बैलांच्या पाठीकडे बघत राहिला. गाडीच्या मागे चालत आलेली त्याची बायको मालनबाई पदर सावरत पुढे झाली आणि म्हणाली, "मामंजी, त्यांना झोप न्हाई. दार झोपंसाठी हाय."

"झोपंला दार लागतं व्हय?" आप्पासाहेब म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

सहादेव चार वर्षं भिवंडीत यंत्रमागावर कामाला होता. सत्तर सालच्या मे महिन्यात तिथे दंगल झाली, तेव्हा तो खोलीत होता. घोळका गल्लीत शिरला. सहादेव आणि खोलीतले सोबती आतून दाराला पाठ लावून बसले. त्यांचं दार टिकलं. समोरच्या खोलीचं टिकलं नाही. फोडणारे कोण आणि आतले कोण, हे त्याने घरी कधी सांगितलं नाही. मालनबाईला एकदा एवढंच म्हणाला होता, की आधी खांदा लावतात, मग लाथा घालतात, आणि लाकूड तुटायच्या आधी आतली माणसं गप्प होतात.

तो परत आला तेव्हा गावाला वाटलं, वाचला, सुटला. पण रोज संध्याकाळी तो फळी टेकवायचा, तिच्यामागे पाटा, नांगर, ज्वारीची पोती रचायचा आणि त्या ढिगाला पाठ लावून बसायचा. पहाटे आई, आक्काबाई, ओरडायची, "अरं, म्हातारीला बाहेर जायचंय, काढ की तुझा गड!" सुरुवातीला ती हे हसत म्हणायची. दिवसा सहादेव उभ्याउभ्या पेंगायचा. एकदा कडबा तोडताना कुऱ्हाड पायाला चाटून गेली.

मालनबाईने त्याला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोळे मिटायचे, पण मुठी आवळलेल्याच राहायच्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागेल. ते नाव गावात कसं घेतलं जातं, हे मालनबाईला ठाऊक होतं. तिथून परतलेल्या माणसाच्या हातचं पाणी कुणी नाकारत नाही, पण त्याच्या हातात विळा कुणी देत नाही. एसटीत बसल्यावर तिनेच सहादेवला सांगितलं, "सुताराकडं जा. दार करून घ्या."

आप्पासाहेबांनी वेसण सोडली नाही. गाडी वळवावी लागली.

घोडेगावच्या राधाकृष्ण सुताराने गाडी परत आलेली बघून हात झटकले. "परत घेत न्हाई हां मी! एकाच्या मापाचं दार दुसऱ्याला बसतं का?" मग त्याने सहादेवच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जरा वेळ रंधा हातात तसाच धरून उभा राहिला. दुकानामागे लाकूडफाट्याची खोली होती, पुढून उघडी. "चला, तिथं बसवू. कसं दिसतंय ते तरी बघू."

चौकट बसायला दुपार गेली. सहादेव आत शिरला, कडी लावली. मालनबाई बाहेर भुशात बसून राहिली. शेजारी करवत चालू होती, रस्त्यावरून मालट्रका जात होत्या. सहादेव उठला तो दुसऱ्या दिवशी, उन्हं डोक्यावर आल्यावर.

ते तिथेच राहिले. सहादेव सुताराच्या हाताखाली काम करू लागला. आक्काबाई मात्र आली नाही. "माझं घर हाय. दाराआड निजायची न्हाई मी," एवढं बोलून तिने विषय संपवला. शेजारणींनी विचारलं की सांगायची, लेक सुतारकाम शिकायला गेलाय. सहादेवच्या गालावर हळूहळू मांस आलं. येरवड्याचं नाव मालनबाईच्या मनात रोज येईनासं झालं.

थंडी सरता सरता एका शनिवारी आक्काबाई आपणहून निघाली. देवाला तेल वाहिलं, बाजरीच्या भाकरी आणि ठेचा टोपलीत घातला आणि चालत घोडेगावला आली. दुपारची वेळ. सुतार बाजारात गेला होता, मालनबाई पाण्याला. सहादेव जेवून आडवा झाला होता.

सारा जन्म दारं नसलेल्या गावात गेलेला. दार वाजवावं, बाहेरून हाक मारावी, हे आक्काबाईला कधी करावं लागलं नव्हतं. माणूस आधी घरात शिरतो आणि मग बोलतो. तिने दार ढकललं. उघडलं नाही. नवं लाकूड, फुगलं असेल, असं तिला वाटलं. टोपली खाली ठेवून तिने खांदा लावला. तरी हलेना, तेव्हा पाय लावला.

मालनबाईने हे वाटेवरून पाहिलं. हंडा टाकून ती धावत आली. "आत्याबाई, थांबा! लांब व्हा!"

"अगं, दार चिकटलंय तुमचं."

आतून आवाज नव्हता. मालनबाईने हाका मारल्या, मग आक्काबाईने मारल्या. "सहादू, अरं मी हाय!" दोघी दारासमोर बसून राहिल्या. टोपलीतल्या भाकरीला मुंग्या लागल्या. सावली भिंतीवर चढली तेव्हा कडी निघाली.

सहादेवचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. हातात सुताराचा लाकूड तासायचा वाकस होता, धार पुढे करून उचललेला. त्याने आधी आईचे पाय पाहिले, मग तोंड.

"तू हुतीस?"

"मीच की रं. दुसरं कोन येतंय?"

"मारलं असतं मी तुला, आई."

मालनबाईने त्याच्या हातातून वाकस काढून घेतला. बोटं एकेक करून उलगडावी लागली. मग तिने हंडा शोधला आणि पुन्हा पाण्याला गेली, कारण घरात पाणी नव्हतं.

पुढचे काही दिवस सहादेव पुन्हा पाठ दाराला लावून बसला. सुतार म्हणाला, "वैनी, डॉक्टरला दाखवा परत." मालनबाई म्हणाली, "बघू." शनिवारची वाट तिने भीतभीत पाहिली. म्हातारी येऊ नये असं तिला वाटत होतं. आली नाही तर काय, हेही वाटत होतं.

आक्काबाई आली. दाराशी गेली नाही. रस्त्यापलीकडे बाभळीखाली थांबली आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं मोठ्याने म्हणाली, "सहादू, मी आक्का. तुझी आई. एकलीच हाय."

आत हालचाल झाली नाही. टोपली डोक्यावर तशीच धरून ती उभी राहिली. चहाच्या हॉटेलातले लोक बघू लागले. एकाने विचारलं, "आज्जे, कुनाशी भांडताय का?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "घरी आलेय."

आणि पुन्हा तेच, त्याच आवाजात, पहिल्यापासून म्हणाली.