चार हजारातून सात-सात

मी खोटं बोलत नाही. बोललोच तर आकड्यांत, तेही थोडंसं.

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलूथला चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आमची बैठक भरते. लोक दारू सोडतात, तसं आम्ही माणूस सोडतो. नव्वद दिवस त्याला फोन नाही, पत्र नाही, त्याच्या घरावरून गाडी नेणं नाही. मग पितळी बिल्ला. मार्लिस हॉगेनचा एकोणनव्वदावा दिवस होता. गटानं नेमलेला तिचा पाठराखा मी, म्हणून मेंदूचं चित्र काढायला विद्यापीठात तिला मीच नेलं.

गाडीत ती नखं कुरतडत होती. "अहो ऑर्व्हिल, ते पुन्हा ड्वाइटचा फोटो दाखवणार. फोटो बघितला की दिवस पुन्हा एकपासून?"

"फोटो काय हाक मारतो?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. उद्या नव्वदावा आहे माझा."

यंत्राचा खडखडाट असा, की सरोवरातले मासे कॅनडाच्या काठाला पळाले. मार्लिस पांढरीफटक होऊन बाहेर आली. तिथली डॉक्टरीण पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे पेटलंय ना, कोकेनवाल्यांचंही इथंच पेटतं. पण सोडण्याआधी काढलेल्या चित्रापेक्षा मंद आहे." दोन फोटोंच्या मधे तिला चार हजारातून सात-सात वजा करायला लावलं होतं. डोकं आकड्यांत गुंतलं की आग ओसरते म्हणे.

"मंद म्हणजे विझलं नाही," मार्लिस गाडीत बसताना पुटपुटली. "उद्या बिल्ला कुठल्या तोंडानं घेऊ?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव दिसलं: 'उचलू नकोस'. आमच्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एक असतोच. तिचा अंगठा हिरव्या ठिपक्यावर थांबला. पाठराख्यानं फोन हिसकावायचा नाही, हा आमचा नियम.

"चार हजार!" मी ओरडलो.

"काय?"

"सात वजा कर, बये!"

"तीन हजार नऊशे त्र्याण्णव... शहाऐंशी..." फोन वाजतोय. "एकोणऐंशी... बाहत्तर..." अंगठा खाली येतोय. "ऑर्व्हिल, पुढचं येत नाही मला!"

"चौसष्ट!"

अंगठा थबकला. "चौसष्ट? अहो, पासष्ट! शाळेत जायचात की मासे पकडायला?"

"चौसष्टच."

"बोटं कमी पडत असतील तर माझी घ्या!" फोन मांडीवर टाकून तिनं दोन्ही हात माझ्या नाकासमोर पसरले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

तिनं तो उलटा करून पर्समध्ये टाकला.

"अठ्ठावन्न," मी हळूच म्हणालो.

"हं. आता बरोबर."

मी गाडी सुरू केली. तिच्या दारात पोचेपर्यंत सात-सात वजा करत आम्ही शून्याखाली गेलो होतो.