टाक्याटाक्याने सुधारलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. हसू नका. मला अजून दोन वर्षेही पुरी झालेली नाहीत, पण आमच्या कुळात म्हातारपण लवकर येते.

माझा जन्म १९९८ च्या दिवाळीनंतरचा. माझे घर रहिमतपूरला. तिथले महेंद्रराव फौजेत शिंपीकाम करून आलेले. घराच्या पडवीत दोन मशीन मांडून ते आणि त्यांची थोरली बहीण आक्काताई जाड कॅनव्हासच्या पाठपिशव्या शिवत. पोर शाळा संपवून कॉलेजला जाई, पण पिशवी फाटत नसे. पुढे बाजारात चकचकीत नायलॉनच्या सॅक आल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. महेंद्ररावांना मुंबईत एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी सांगून आली होती. त्यांनी ठरवले, जून उजाडेपर्यंत वाट बघायची, नाहीतर दोन्ही मशीन विकून मुंबई गाठायची. आक्काताईला ना नवरा ना मूलबाळ. ते मशीन हाच तिचा आधार होता. मशीनला तेल घालताना तिचा हात त्यावर रेंगाळू लागला.

महेंद्ररावांची मुलगी स्वप्ना साताऱ्याला कॉलेजात होती. आत्याचा तो रेंगाळणारा हात तिने पाहिला. तिचा चुलतभाऊ कपिल पुण्यात कॉम्प्युटर शिकवत असे. त्याच्याकडून तिने मला बनवून घेतले.

आता गंमत ऐका. वेबसाइट कशी असते हे त्या घरात कुणाला ठाऊक? त्यांनी आजवर छापून घेतल्या होत्या त्या फक्त लग्नपत्रिका. म्हणून मीही पत्रिकेच्याच थाटात जन्मले. अक्षरे इंग्रजी, पण वर बुद्धांचे चित्र, चारी बाजूंनी लुकलुकणारी फुले, मग आक्काताईपासून सगळ्या भावकीची नावे, ‘आपले नम्र’ म्हणून आणखी अकरा जण, आणि तळाला चिल्ल्यापिल्ल्यांचे ‘आमच्या काकांच्या दुकानाला यायचं हं’. पिशवीचे चित्र टाकायचे मात्र सगळेच विसरले. चार महिन्यांत मला एकच पत्र आले. कुणा भल्या माणसाने लिहिले होते, ‘अभिनंदन. लग्नाची तारीख कळवा.’

मित्रांनो, मला फार लाज वाटली. कपिल म्हणाला, “मोडून टाकू या सगळं. नवीन करू.” पण स्वप्ना आत्याच्या हाताखाली वाढलेली. ती म्हणाली, “भाजी अळणी झाली म्हणून पातेलं ओतून देतो व्हय आपण? चिमूटभर मीठ घालायचं, चाखायचं.”

त्या दिवसापासून ती आठवड्यातून एकदा साताऱ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तासभर बसू लागली. दर खेपेला ती एकच गोष्ट बदले आणि आठवडाभर वाट बघे. आधी लुकलुकती फुले गेली. मी झटपट उघडू लागले. मग पिशवीचे चित्र आले. ‘पिशवी छान आहे, पण कशी मागवायची?’ असे एकाने विचारले, तेव्हा पुढच्या खेपेला पत्ता ठळक झाला.

नावांना हात लागला आणि घरात ठिणगी पडली. मधले चुलते अर्जुनराव म्हणाले, “पत्रिकंत आमचं नाव न्हाई, म्हंजी आमी परकंच की.” चौदा एप्रिलच्या जयंतीला ते जेवायलाही आले नाहीत. शेवटी एकच नाव उरले, आक्काताईचे. ते पुसायला स्वप्नाचा हात धजेना. दोन आठवडे ती नुसतीच माझ्यासमोर बसून परत गेली.

आक्काताईला कळले तेव्हा ती मशीनवरून मानही वर न करता म्हणाली, “काड की माजं नाव. नाव पाठीला अडकवून डोंगर चढायचाय का गिऱ्हाइकानं? पट्ट्याचा टाका दाव.”

नावाच्या जागी टाक्याचे चित्र आले. आणि मे महिन्यात पुण्याच्या डोंगरभटक्यांच्या मंडळाचे पत्र आले. पावसाळ्यासाठी त्यांना पस्तीस पिशव्या हव्या होत्या. ‘पण दहा किलो ओझ्याने पट्टा उसवणार नाही, हे कशावरून?’

“लिव उसवत न्हाई म्हणून,” महेंद्रराव घाईने म्हणाले.

“सांगून कोन इस्वास ठेवील, म्हेंद्रा?” आक्काताई म्हणाली. तिने एका पिशवीत पंधरा किलो दगड भरले आणि ती आढ्याला टांगली. “आठ दिस ऱ्हाऊ दे. मग फोटू काडा.”

“आवं आक्का, जून दाराशी आला. मंडळी दुसरीकडं जातील.”

“गेली तर जाऊ देत. खोटं न्हाई लिवायचं.”

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. नवव्या दिवशी फोटो निघाला आणि माझ्या अंगावर चढला. टाका जागचा हललेला नव्हता. पस्तीस पिशव्यांचे काम आले. पाठोपाठ दुसऱ्या मंडळाचे आले. शेजारची बनुबाई मदतीला बसली, आणि रुसलेले अर्जुनराव न बोलावता येऊन गठ्ठे एस.टी.वर चढवू लागले. महेंद्ररावांनी मुंबईला कार्ड टाकले, ‘येत नाही.’ मशीन विकायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पानाला एका दिवसात नटवून मग वर्षभर विसरू नका. थोडे थोडे, पण नेमाने बघत जा. आलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्या.

परवा स्वप्ना आक्काताईला पहिल्यांदाच साताऱ्याला घेऊन आली. मी तिच्यासमोर उघडले. माझे खूप कौतुक होईल असे मला वाटले होते. तिला वाचता येत नाही. ती पदराने डोळे पुसून पडद्याजवळ वाकली, पट्ट्याच्या चित्रावरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, “स्वप्ने, ह्यो तिसरा टाका तिरपा गेलाय. घरी गेल्यावर नीट घालून देते. म्होरल्या आठवड्यात त्येचा फोटू लाव.”