उकळलेल्या सुया

नवऱ्याची स्कूटर वळणाआड गेली की ती गॅसवर दोन पातेली चढवायची. मोठ्यात लेकीच्या दुधाच्या बाटल्या, छोट्यात धाकट्या भावाच्या सुया. नशा त्याची सुटत नव्हती. रडून झालं, भांडून झालं, लेकीची शपथ घालून झाली. निदान सुया तरी स्वच्छ असाव्यात, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. नव्या सुया फुकट देणारं सेंटर होतं, पण नेमकं लेकीच्या पाळणाघरासमोर, आणि तिथे मुलं सोडायला येणाऱ्या आयांच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नसे.

"ताई, अगदी बाळासारखं करतेस माझं," तो हसायचा. "आता एक अंगाईही होऊन जाऊ दे."

"गप बस नि ने त्या."

परवा आला तो उजवा हात पोटाशी धरूनच. कोपराची आतली बाजू सुजून टरारली होती, हात लावला तर चटका बसावा अशी. तिनं लेकीला कडेवर घेतलं, पाळणाघरापुढची गर्दी ओसरू दिली आणि त्याला सेंटरवर नेलं.

तिथल्या नर्सनं पू काढला, जखम धुऊन पट्टी बांधली. मग त्याच्या खिशातली सुई उजेडाकडे धरली.

"टोक बघा, गळासारखं वळलंय. शीर टोचली नाही याने, फाडलीय."

"पण मी रोज उकळून देते," ती म्हणाली.

नर्सनं सुई खाली ठेवली. "उकळून धार येते का हो? आणि या सुया उकळायच्या नसतातच. दर वेळी नवी घ्यायची, दर वेळी जागा बदलायची, आधी साबणानं हात नि जागा धुवायची." मग त्याच्याकडे वळून, "या हाताला आता सुई लावायची नाही. ताप आला तर थेट दवाखाना."

नव्या सुयांचं पाकीट तिनंच घेतलं आणि लेकीच्या पिशवीत लंगोटांखाली सरकवलं.

जिना उतरताना तिनं विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग तोंडाला कुलूप होतं का?"

"तू इतका जीव लावून उकळायचीस, ताई. माझ्यासाठी कुणीतरी गॅस पेटवतंय, हेच पुष्कळ होतं. म्हटलं, राहू दे."

तिला काही बोलायचं होतं, पण रस्त्यावर पाऊल टाकलं तर समोर पाळणाघरातली एक आई, आज उशिरा आलेली.

"अगं, तू अजून इथेच? आणि हे कोण?"

तिचं तोंड उघडलं. तो तिच्याहून चपळ निघाला. "पत्ता विचारत होतो यांना. बरं, येतो मॅडम." पट्टीचा हात त्यानं शर्टाआड केला आणि चालू लागला.

लेकीनं त्याच्याकडे दोन्ही हात पसरले. "मामा."

"मामा म्हणते की ही त्याला."

"सगळ्यांनाच म्हणते," ती म्हणाली.

पाकीट पिशवीतच होतं. तो अजून दिसत होता, एका हाकेच्या अंतरावर. समोरची बाई पाळणाघराच्या नव्या वेळांबद्दल काहीतरी सांगत होती. ती मान डोलावत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत आणि त्यानंतरही.