दाराची नोंद

शेजारी भरदिवसा चोरी झाली आणि नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून अलार्मवाल्याला बोलावलं. मलाही बरंच वाटलं. सव्वा वर्षाच्या पोरीला घेऊन दिवसभर घरात मी एकटीच असते.

अलार्मवाल्याने टेबलावर दोन खोकी मांडली. "हा साधा. दार फोडलं की भोंगा. आणि हा फोनला जोडलेला. दार कधी उघडलं, कधी लागलं, साहेबांना ऑफिसात बसल्या बसल्या कळणार. महिनाभराची नोंद राहते."

"हाच," नवरा म्हणाला.

रोज दुपारी पोरीला कडेवर घेऊन मी दोन गल्ल्या पलीकडे आईकडे जायचे, दीड-एक तास. माझ्या बाळंतपणात दवाखान्यातच तिचं आणि नवऱ्याचं वाजलं होतं. "डॉक्टरांना आधी का नाही बोलावलंत?" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून त्या घराची पायरी चढायची नाही, असा त्याचा हुकूम होता.

"साधाच घेऊ या ना," मी म्हटलं. "भोंगा वाजला की चोर पळतोच."

"हो, आणि पुढच्या वेळी पत्रिका पाठवून येतो."

"अरे, पण तुझा फोन सारखा वाजत राहील. कामात..."

"सवय होते, वहिनी," अलार्मवाला म्हणाला. "आमच्या घरीही हाच आहे. बायको म्हणते, एक सासू कमी पडली म्हणून दुसरी आणलीत."

नवरा खो खो हसला. मीही हसले, आणि त्या भरात बोलून गेले, "दुपारपुरतं बंद ठेवता येतं का हो ते? साडेबारा ते दोन?"

अलार्मवाला बुचकळ्यात पडला. "वहिनी, चोरी दुपारीच झाली ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पोरीला मांडीवर घेतलं, तिची हनुवटी उचलली. "दुपारी कुठे जाते गं माझी राणी?"

तिला मोजून चार शब्द येतात. तिने दाराकडे हात पसरले. "आज्जी."

त्याची आई लग्नाआधीच गेली होती. आजी एकच होती.

"बसवून टाका," तो अलार्मवाल्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी आईला फोन लावला. पोरीला सर्दी झालीय म्हणाले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून अलार्मचं सांगितलं.

"मग नकोच बाहेर काढूस तिला," आई म्हणाली. "आणि जावईबापूंनी चांगलं केलं हो. तुम्ही दोघी एकट्या असता, माझ्या जिवाला घोर लागायचा."

"हो ना," मी म्हटलं.

पोर आपले बूट घेऊन दाराशी येऊन बसली होती. एक उलट्या पायात घातलाही होता. मी तो काढला. तिला खेळच वाटला. खिदळत तिने दुसरा पाय पुढे केला.